चाळीस वाटांचं कापड

४ जुलै

ताई,

आपण फोनवर बोलतो, पण फोन मुंगीच्या हातात असतो आणि मुंगी माझ्या शेजारी. तू "बरी आहेस ना" विचारतेस, मी "हो" म्हणते, आणि मग तुझी लेक तुला शेजारच्या कुत्र्याच्या पिल्लांची खबर देत बसते. म्हणून हे पत्र.

तिला इथे येऊन महिना झाला. तुमच्याकडची शाळा सहावीला संपते आणि माझी दहावीपर्यंत आहे, एवढ्याच कारणाने तू पोटची पोर नऊ तासांच्या अंतरावर पाठवलीस, हे मी विसरलेले नाही. एक वर्ष बघू, असं आपलं ठरलंय. तर बघते आहे. जेवते नीट. रात्री अंग मुडपून झोपते आणि सकाळी हाक मारली की "पाचच मिनिटं" म्हणते. शाळेत मला इतरांसारखंच "बाई" म्हणते, फाटकाबाहेर पडली की "मावशी". फाटकाच्या लोखंडी पट्टीवर एक पाय आत, एक बाहेर ठेवून मला दोन्ही नावांनी हाक मारून झाली आहे.

आता चित्रकलेच्या बाईचं काम. शाळेच्या लांब व्हरांड्याच्या भिंतीसाठी सातवीचा वर्ग एक मोठं कापड करणार आहे. चाळीस मुलं, चाळीस पट्ट्या, सगळ्या टाकून दिलेल्या कपड्यांच्या. प्रत्येक पट्टी म्हणजे एकेका मुलाची घरापासून शाळेपर्यंतची वाट. वीतभर रुंद, दोन हात लांब. खाली घर, वर शाळा. मग सगळ्या पट्ट्या एकमेकींना जोडायच्या. नियम एकच: आपली वाट आपण एकट्याने शिवायची नाही, निदान तीन जणांचे टाके तीत हवेत.

तुझ्या कारखान्यात जुन्या कपड्यांचे डोंगर असतात. थोडं पाठवशील? नोव्हेंबरच्या शेवटी प्रदर्शन आहे.

सोबत मुंगीचा फोटो. केस कापले. शोभतात.

धाकटी


१३ जुलै

धाकटे,

फोटो बघितला. शोभतात की नाही ते मी ठरवलं नाही अजून. तिच्या केसांना सात वर्षं मी तेल लावलंय, कात्री लावताना एक फोन करायला काय झालं होतं? ह्यांनी फोटो बघून "मुंगीचा मुंगळा केला" म्हटलं आणि हसत सुटले. मी नाही हसले.

कपड्यांचं विचारलंस. तुला वाटतं मी डोंगरावर बसून हवं ते उचलते. माझं काम सांगते, कारण तू एकदाही बघायला आली नाहीस. टेबलाच्या कडेला पातं उभं पक्कं बसवलेलं असतं. कपडा दोन्ही हातांनी धरायचा आणि पात्यावर ओढायचा. पहिल्यांदा बटणं, मग चेन, मग कॉलर, कफ, खिसे, जाड शिवणी. हे सगळं खाली टोपलीत. उरलं त्याचे चौकोन. सुती एकीकडे, लोकरी दुसरीकडे, नायलॉन तिसरीकडे. चौकोन छापखान्यात आणि यंत्रांच्या दुकानांत पुसण्यासाठी जातात. माझ्या शेजारची बाई वीस वर्षं हेच करते. तिच्या जिभेमुळे आम्ही तिला कात्री म्हणतो. ती म्हणते, "जगात कोणी शर्ट घालतं हे मी विसरले. मला सगळी फडकीच दिसतात."

साहेबांना विचारून दोन गठ्ठे पाठवते आहे. फक्त सुती, स्वच्छ, एका मापाचे, रंगांप्रमाणे लावलेले. निवडून निवडून घेतलेत. तुझ्या वर्गात यापेक्षा चांगला माल कोणी आणणार नाही.

मुंगी फोनवर म्हणाली, "आई, अंडं आठच मिनिटं उकडायचं असतं, मावशी घड्याळ लावते." बारा वर्षं माझी अंडी खाऊन वाढलेली मुलगी आहे ती. सांग तिला.

ताई


२ ऑगस्ट

ताई,

गठ्ठे पोचले. मनापासून आभार. रागावू नकोस, पण खरं ते सांगते. मुलांनी गठ्ठा उघडला आणि एक जण म्हणाला, "बाई, ही तर फडकी आहेत." मला पोरांना हव्या होत्या कॉलरी, खिसे, काजं, विटलेले कोपर, गुडघ्यावरची ठिगळं. म्हणजे ज्यात कोणीतरी राहून गेलंय असं दिसतं ते. तू नेमकं तेवढंच काढून टाकलंस. तुझे चौकोन आम्ही अस्तराला वापरतो आहोत, वाया गेले नाहीत. जमलं तर पुढच्या वेळी ती खालची टोपली पाठव.

वाटा मस्त चालल्या आहेत. एका मुलीच्या वाटेत तिच्या आजोबांच्या पँटचा खिसा आहे, कारण ती रोज त्यांच्या खिशात हात घालून येते. एकाने वाटेत तीन दारं शिवली. तो म्हणतो, "तिन्ही घरचे मला हाका मारतात, म्हणून उशीर होतो, हे तुम्हाला कळावं."

मुंगीने मात्र अजून सुरुवात केलेली नाही. दुसऱ्यांच्या पट्ट्यांवर टाके घालत फिरते, आणि बरे घालते, हात तुझ्यावर गेलाय. स्वतःचं विचारलं की, "करते ना, बाई." मी सुचवलं, "आपल्या खोलीपासून शाळा दोन मिनिटांवर आहे, सोपी वाट आहे." ती परत शेजारणीच्या पट्टीकडे वळली.

एक गंमत. परवा वर्गात दोरा ओवून मागायला माझ्याकडे आली आणि चुकून म्हणाली, "आई, हे बघ." सगळा वर्ग हसला. तिचे कान लाल. मुलं सगळ्याच बाईंना कधी ना कधी आई म्हणतात, त्यात काही नसतं. तुला सांगितलं की तू हसशील म्हणून लिहिलं.

धाकटी


११ ऑगस्ट

धाकटे,

हसले. आता पुढचं.

बटणं का काढतात ते तुला कोणी सांगितलं नसेल. फडक्यात एक बटण राहिलं तर छपाईच्या रुळावर चरा पडतो आणि तो रूळ बदलावा लागतो. म्हणून आमच्याकडे नवीन बाई आली की पहिला महिना तिला एवढंच शिकवतात, काही राहू द्यायचं नाही. मी तुला माझ्या हातचं सगळ्यात चांगलं काम पाठवलं आणि तुझ्या वर्गाला ते फडकं वाटलं. वाटू दे. अस्तर आतच असतं, दिसत नाही कोणाला.

दोरा ओवून मागायला आली म्हणतेस. तिला सहाव्या वर्षापासून सुई ओवता येते. तुझ्याकडून ओवून घेते म्हणजे लाड चाललेत.

बातमी अशी आहे की इथल्या शाळेला पुढच्या वर्षी सातवी आणि आठवीचे वर्ग जोडणार आहेत. दोन नव्या खोल्या बांधून होत आल्या. तेव्हा मुंगी एप्रिलनंतर घरी येईल. ह्यांनी तिच्या पलंगाचा पाय दुरुस्त केला. तिला आत्ताच सांगू नकोस, मी सांगेन.

खालच्या टोपलीचं एक पोतं भरून पाठवते आहे. खिसे, कॉलरी, काजं, तुला हवं ते सगळं. एकच विनंती, पोतं मुंगीला उघडू दे. वर्गासमोर, पण तिच्या हाताने. एवढं कर.

ताई


२९ ऑगस्ट

ताई,

पोतं मिळालं. अगदी हवा तसाच माल होता. मुलं तुटून पडली, अर्ध्या तासात तळ दिसला. मोठ्या बाईसुद्धा बघायला आल्या आणि एक हिरवी कॉलर हातात घेऊन बराच वेळ उभ्या राहिल्या.

नव्या वर्गांचं वाचलं. चांगली गोष्ट आहे. शास्त्राला शिक्षक मिळालेत का? गणिताला? लहान शाळांत खोल्या आधी होतात आणि माणसं नंतर येतात, म्हणून विचारते. मुंगीचं गणित आत्ता कुठे रुळावर आलंय. ताप येऊन गेला तिला, दोनच दिवस, आता ठीक आहे. शाळेची सहामाही जवळ आल्यामुळे लिहायला वेळ मिळत नाही. सावकाश लिहीन.

धाकटी


५ सप्टेंबर

धाकटे,

ताप आला आणि मला नऊ दिवसांनी पत्रातून कळतंय. रविवारी मुंगीशी बोलले तेव्हा ती म्हणाली, "काही नाही गं, मावशीने सुट्टी घेतली होती." म्हणजे ती माझ्यापासून लपवायलाही शिकली.

एक विचारते, नीट उत्तर दे. पोतं तिनेच उघडलं ना? मी मुद्दाम काही सांगितलं नव्हतं, पण आता सांगते. पोत्याच्या मधोमध, निळ्या खिशांच्या थराखाली, एक फ्रॉक होता. टोपलीतल्याच मालाचा, बेचाळीस तुकड्यांचा. मुंगी गेल्यापासून मधल्या सुट्टीत आणि रविवारी बसून सहा आठवडे शिवला. पिवळा पडदा, रेघांचा शर्ट, कोणाच्या तरी गणवेशाचा गळा. कात्रीने बघून म्हटलं, "ह्यात तू निम्मं शहर घातलंस, आता पोरगी मावेल ना?" मला वाटलं होतं, वर्गासमोर पोतं उघडेल, हात घालेल, आणि हा बाहेर येईल. प्रदर्शनाला तोच घालेल. तुझ्या चाळीस मुलांना दिसेल की तिची आई काय करते.

फोनवर तिने फ्रॉकाचं नाव काढलं नाही. मी दोनदा विषय जवळ नेला. तिला काही माहीतच नाही असं बोलत होती. आवडला नसेल तर तसं सांग. मोठ्या झालेल्या मुलींना तुकड्यांचे कपडे नको वाटतात, मी समजू शकते. पण सांग.

ताई


१७ ऑक्टोबर

ताई,

सहा आठवडे तुझे फोन मी मुंगीकडे दिले आणि स्वतः भांडी घासत बसले. तुझ्या प्रश्नाचं उत्तर चार वेळा लिहिलं. पहिल्या तीन कागदांत मी लिहिलं होतं की मुलांनी घाईघाईत पोतं उपसलं आणि फ्रॉक मालाबरोबर कापला गेला, तुकड्यांचाच असल्यामुळे कोणाला ओळखू आला नाही, चूक झाली, माफ कर. वाचणाऱ्याला पटलं असतं. तुलाही पटलं असतं.

पोतं आलं त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी ते सामानाच्या खोलीत एकटीने उघडलं. तू नको म्हटलं होतंस, तरी. फ्रॉक हाताला लागला आणि बाहेर काढायच्या आतच मला कळलं की हा माल नाही. शिवणी कच्च्या नव्हत्या. गळा उलटा करून बघितला. आतली शिवण तू दुमडून, दाबून, सपाट करून टाकली होतीस, कारण तिला गळ्याशी टोचतं. ताई, तिला गळ्याशी टोचतं हे मला माहीत नव्हतं. अडीच महिने माझ्या घरात ती शाळेचा शर्ट उलटा घालून झोपायची आणि मला वाटायचं की आळशीपणा आहे.

तिथे उभी असताना मला आठवत होतं ते तुझं पत्र, की एप्रिलनंतर ती जाणार. वर्गासमोर ती हा फ्रॉक काढेल, छातीशी धरेल, आणि सगळे म्हणतील, तुझी आई किती छान शिवते. मी तिथे बाजूला उभी असेन, खडूचे हात घेऊन. मी तो घडी घालून परत पोत्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी मुंगीला हजेरीपट घेऊन मोठ्या बाईंकडे पाठवलं आणि बाकीच्यांना म्हटलं, "चला, पोतं रिकामं करा." ती परत आली तेव्हा फ्रॉकच्या बाह्या दोन टेबलांवर होत्या. मी बघत होते. एका मुलीने विचारलंसुद्धा, "बाई, हा अख्खा आहे, कापू?" मी म्हटलं, "काप."

त्याच आठवड्यात मुंगीला ताप आला. तापात ती तुला हाक मारत होती. मी "आले" म्हटलं तर डोळे उघडून बघितलं आणि परत मिटले. हे तुला त्या वेळी लिहिलं नाही. वर्गातली "आई" लगेच लिहिली होती, नाही का?

बेचाळीस तुकडे अकरा मुलांच्या वाटांत गेले आहेत. मुंगीला अजून काही माहीत नाही. मी सांगावं की तू, ते तू ठरव.

धाकटी


२३ ऑक्टोबर

तू काही सांगू नकोस. सांगायचं झालं तर मी सांगेन.

प्रदर्शनाला मी येते आहे. परत जाताना मुंगी माझ्याबरोबर असेल. एप्रिलची वाट बघायचं कारण नाही, वर्ग सुरू होईपर्यंत घरी अभ्यास करेल. तिची वह्या-पुस्तकं एका पिशवीत आणि कपडे दुसऱ्या पिशवीत भरून ठेव. नव्या वर्गांचं आणि न्यायला येण्याचं तिला मी फोनवर सांगितलंय.

लहानपणी तू माझ्या बाहुलीचे कपडे फाडायचीस आणि आई विचारायची तेव्हा मी तुझं नाव घ्यायचे नाही. ती सवय मोडली असं समज.

ताई


१ डिसेंबर

ताई,

तू जाऊन सहा दिवस झाले. प्रदर्शन संपलं, कापड भिंतीवर तसंच आहे. मी रोज सुट्टीत त्याच्यासमोर उभी राहते आणि प्रत्येक वेळी मला तेच टोचतं. आता तुझ्यापुढे लपवून काय करायचं, म्हणून लिहिते.

मुंगीच्या पट्टीचं तुला मी आधी काही सांगितलं नव्हतं, कारण ऑक्टोबर संपेपर्यंत पट्टीच नव्हती. एकोणचाळीस वाटा जोडून झाल्या तेव्हा कापडाच्या कडा विरायला लागल्या होत्या. मी म्हटलं, तयार फीत आणून गोट लावू. तेव्हा ही उठली. "बाई, माझी वाट दोन हातांत मावत नाही. कडेने लावू का?" मी विचारलं, "कुठून सुरू होते?" तर म्हणाली, "आमच्या जिन्यापासून." वर्गाला नऊ तासांच्या वाटेची एवढी मजा वाटली की सगळे तिच्या मागे लागले, आम्ही पण शिवणार. दोन आठवडे अर्धा वर्ग चार बोटं रुंद पट्टी शिवत होता. तुझं निळं दार, जिना, गल्लीतला पाण्याचा पंप, बसथांबा, पेट्रोल पंपावरचा म्हातारा, दोन पूल, ती जिथे दर वेळी ओकते ते वळण, तेही हिरव्या कापडाने दाखवलंय आणि सगळ्यांना बोट लावून सांगते. सगळ्या बाजूंनी फिरून वाट वर शाळेच्या दाराशी येते. बाकीच्यांच्या वाटा तिच्या वाटेच्या आत.

ताई, त्या सगळ्या लांबीत माझी खोली नाही. मी शोधली. तुझ्या पंपाला जागा आहे, पेट्रोल पंपावरच्या म्हाताऱ्याला आहे, मला नाही. धीर करून विचारलं. ती म्हणाली, "तू तर शाळेतच असतेस ना, मावशी." तिने ते सहज म्हटलं. मी सहज घेऊ शकले नाही.

तू दोन्ही पिशव्या उचलून तिला घेऊन बसथांब्यावर गेलीस. मी खिडकीतून पाहिलं. तासाभराने जिन्यावर पावलं वाजली आणि ती एकटीच वर आली, दोन पिशव्या घेऊन. "आई म्हणाली, परीक्षा दे." बाकी काही सांगितलं नाही. तुला फोन केला तर तू उचलला नाहीस.

का ठेवलंस तिला? माझ्यावर दया म्हणून असेल तर मला ती नको आहे.

पुढच्या वर्षीच्या प्रवेशाचे अर्ज या महिन्याच्या अखेरपर्यंत भरून द्यायचे असतात. एक कोरा सोबत ठेवला आहे. तुमच्याकडे वर्ग निघणार म्हणजे उपयोग नाही, तरी ठेवला.

धाकटी


१२ डिसेंबर

धाकटे,

दया वगैरे काही नाही. तुझ्यावर दया करण्याइतकी मी निवळलेली नाही.

इथे सातवी-आठवीचे वर्ग नाहीत. दोन खोल्या बांधताहेत त्या गोदामाच्या आहेत. वर्गाचं मी रचून लिहिलं. "आई, हे बघ" वाचून जे झालं त्यात रचलं. तू फ्रॉक कापू दिलास आणि मी शाळा बांधली. कोणाची हुशारी जास्त ते तूच ठरव, चित्रकलेची बाई तू आहेस.

प्रदर्शनात मी मुद्दाम उशिरा आले, तुझ्याशी बोलायला लागू नये म्हणून. कापडासमोर उभी राहिले. माझ्या पिवळ्या पडद्याचा एक तुकडा एका वाटेत दिसला, रेघांचा शर्ट दुसरीत. दोन वेण्यांची एक मुलगी माझ्याजवळ आली. मी कोण ते तिला माहीत नव्हतं. म्हणाली, "काकू, हात लावून बघा, माझं कापड सगळ्यांत चांगलं. बाकीच्यांचं विरलं, माझं नाही विरलं." मी विचारलं, "कडा तू दुमडल्यास?" ती म्हणाली, "नाही, आधीपासूनच होत्या. नशीब असतं एकेकाचं." मला तिच्या कानाखाली द्यावीशी वाटली आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्ही नाही केलं. म्हटलं, "चांगली आहे वाट."

मग मुंगीची वाट बघितली. खालच्या कोपऱ्यापासून. मला वाटलं होतं, माझं दार सगळ्यांत आधी आहे म्हणजे मी जिंकले. पण जिन्याच्या पायऱ्या मोजल्या तर दहा. आमच्या जिन्याला अकरा आहेत, गेली चौदा वर्षं मी चढते. मनात आलं, सहा महिन्यांत एक पायरी विसरली, सहा वर्षांत जिना विसरेल. तिथेच ठरवलं की आज न्यायचीच, थांबायचं नाही.

बसथांब्यावर बाकावर बसलो. मी विचार केला होता तशी ती रडली नाही, हट्ट केला नाही, त्यामुळे मला भांडता येईना. ती विचारत बसली. "तिथे शास्त्राला कोण आहेत? प्रयोगाची खोली आहे? तिथल्या वर्गाच्या खिडकीतून काय दिसतं?" पहिल्या दोन्हींना मी काहीतरी सांगितलं. तिसऱ्याला मी पिशव्यांचे बंद आवळत बसले. नसलेल्या खिडकीतून काय दिसतं ते कसं सांगू? बस येऊन उभी राहिली. वाहक म्हणाला, "बाई, चढताय की नाही?" मी म्हटलं, "एकच जण आहे." ती बघतच राहिली. तेव्हा तिला सगळं सांगितलं. शाळा नाही हेही, आणि फ्रॉकचंही. तुझं नाव घेऊन सांगितलं.

ती काय म्हणाली ते लिहिणार नव्हते. पण तू खोलीचं लिहिलंस म्हणून लिहिते. ती म्हणाली, "मला माहीत होतं." हजेरीपट देऊन परत आली तेव्हा बाही टेबलावर होती, तिने दुमडलेल्या शिवणीवरून हात फिरवला आणि तिला कळलं. मग मी विचारलं, "मावशीला बोलली का नाहीस? मला का नाही सांगितलंस?" तर म्हणते, "तू आली असतीस न्यायला." बघ. तुला वाचवायला नव्हे, मला दुखवायला नव्हे. तिला तिथे राहायचं होतं. तिने तिचं काम साधलं आणि आपण दोघी आपापसात कापत बसलो.

तेव्हा मी एकटी आले. घरी पोचले, पिशवी खाली ठेवली आणि जिना मोजला. दहा आहेत. परत खाली उतरून मोजल्या. दहाच. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "दहा. का, तू किती धरून चालत होतीस?" मी आत जाऊन बसले.

तुला अजून माफ केलेलं नाही. वेळ लागेल, आणि त्या वेळात तिच्या तापाचं, केसांचं, दाताचं, मैत्रिणीशी भांडणाचं, सगळं मला त्याच दिवशी कळलं पाहिजे. तुझ्या पत्राची वाट मी बघणार नाही, तू फोन कर, आणि फोन तिच्याकडे देण्याआधी आपण बोलायचं. शर्टांच्या गळ्याची शिवण उसवून दुमडायची असते. कशी ते मुंगी दाखवेल, तिला येतं.

अर्ज भरून सोबत पाठवला आहे. सगळं नीट वाचलं, दोनदा. "सध्याचा पत्ता" यापुढे तुझ्या खोलीचा पत्ता मी माझ्या हाताने लिहिला आहे. अक्षर जरा खराब आलंय, पेन चांगलं नव्हतं. त्याच्याखाली "कायमचा पत्ता" असा आणखी एक रकाना होता. तिथे आमचा लिहिला आहे, दार, जिना, गल्ली सगळं, जागा पुरली नाही म्हणून कडेने आडवं. हा अर्ज ज्याने कोणी छापला त्याला तो रकाना ठेवायची बुद्धी झाली, बरं झालं. तुमच्या कार्यालयात कोणी खोडून नीट लिहायला सांगितलं तर सांग, ताईने सांगितलंय, आहे तसंच राहू द्या.

ताई